मालवणच्या देवीपुढे मडगार्डाचा प्रश्न

सुधाचं लग्न पक्कं करायला आम्ही मालवणला निघालो खरं, पण निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत आमच्या घरात बोलणं चाललं होतं ते मडगार्डांचं.

आधी माणसं सांगते. सुधा म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची, दिनकर भाऊजींची एकुलती एक मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली. आम्ही कोल्हापुरात एकाच घरात राहतो, त्यामुळे तिची वेणीफणी, शाळा, आजारपणं सगळं माझ्याच हातून झालं. भाऊजींचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि एक मोटार आहे. मोटार म्हणजे सहा माणसं कोंबून जेजुरीला न्यावीत अशी नव्हे. विलायतेतल्या एका कारखान्याची शर्यतीची गाडी. दोनच माणसं बसतात, आणि पाऊस आला तर कापडाचा टप ओढेपर्यंत ती दोन्ही भिजतात. एक साहेब मायदेशी परत जाताना विकून गेला, ती भाऊजींनी घेतली. तिची चाकं सायकलीसारखी तारांची, मडगार्ड वेगळाले आणि लांब, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. जगभर म्हणे या गाडीचे भक्त आहेत. भक्ती म्हणजे काय ते मला कळतं, म्हणून मी कधी हरकत घेतली नाही. पेट्रोलचा खर्च मात्र मी वेगळ्या पानावर लिहिते.

मार्गशीर्षात मालवणचे तात्या, त्यांची बायको माई आणि मुलगा वसंत सुधाला बघायला आले होते. तात्यांचा नारळाचा आणि काजूचा व्यापार. वसंत कणकवलीला सरकारी ओव्हरसियर. तात्या अंगणात शिरले आणि गाडी बघून तिथेच थबकले. "दिनकरराव! माझ्याकडेही हीच!" भाऊजी धावत बाहेर गेले, आणि दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की शेजारच्यांना वाटलं, लग्न लागलंच. आत पोहे गार होत होते.

वसंतने सुधाला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असलं काही विचारलं नाही. त्याने विचारलं, "ही गाडी तुम्ही चालवता असं ऐकलं, खरं का?" सुधा "हो" म्हणाली. तो हळूच म्हणाला, "मग मला शिकवाल? आमच्या तात्यांनी मला त्यांच्या गाडीला कधी हात लावू दिला नाही." सुधा स्वयंपाकघरात आली ती पदर तोंडाला लावून हसतच. त्याच्या आदल्या वर्षी तिचं एक ठरलेलं स्थळ मोडलं होतं, आणि त्यानंतर ती अशी हसलेली मी बघितली नव्हती. मी मनात म्हटलं, देवी, हे एवढं जमव.

जमलंही असतं. पण संक्रांतीच्या सुमाराला तात्यांनी जुनी गाडी विकली आणि त्याच कारखान्याचं नवं मॉडेल घेतलं. गोवा मोकळा होऊन वर्ष उलटलं होतं. तिकडच्या एका व्यापाऱ्याकडे ती गाडी होती, ती यांनी आणली. ही बातमी आल्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत.

"वहिनी, दिवे पोटात घातलेत त्या गाडीचे! मडगार्ड अंगात विरघळवलेत! तारांची चाकं काढून पत्र्याच्या थाळ्या लावल्यात!"

"पण चालते ना?"

"चालते काय, साबणाची वडी पण चालते. ओल्या फरशीवर."

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "एवढंच ना? नऊवारी गेली, पाचवारी आली." आणि पुन्हा आत घातलं. मला ते पटलं. पाचवारीला कापड कमी लागतं, हे तर उघडच आहे. पण भाऊजींनी दोन दिवस ह्यांच्याशी बोलणं टाकलं.

आता राहिलं होतं ते कौलाचं. कौल काय ते माहीत नसेल तर सांगते. त्या भागात ग्रामदेवीला विचारल्याशिवाय मोठं काम ठरवत नाहीत. गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तात्यांच्या घरात देवीच्या कौलाशिवाय सोयरीक होत नाही. देवळात मुलीकडच्यांनी हजर राहायचं, म्हणून आम्ही निघालो. शिमगा जवळ आला होता, आणि आम्हाला दिलेला दिवस शिमग्याच्या आधी कौल लावायचा शेवटचा होता.

पहिला दिवस: फोंडा घाटाने खाली

कोल्हापुराहून मालवणला जायचं तर पहाटेची एस.टी. धरा. पाच रुपयांच्या आत तिकीट पडतं आणि दुपार कलायच्या आत पोचता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबू बरोबर ठेवा. लिंबू खायला नव्हे, घाटात नाकाशी धरायला. नारळ मात्र नेऊ नका. ओटीचं सगळं सामान मी घेतलं होतं, नारळ तेवढा मालवणला घेणार होते. समुद्राकडे नारळ वाहून नेणं म्हणजे पैसे आणि पाठ दोन्ही वाया. त्याऐवजी गुळाची ढेप घेतली. तिकडे आपल्या गुळाचं फार अप्रूप.

गाडीत दोनच जागा, म्हणून आम्ही दोघं एस.टी.त आणि भाऊजी-सुधा गाडीत. राधानगरी सोडल्यावर झाडी दाटली. दाजीपूरच्या पुढे एस.टी. चहाला थांबली तेव्हा भाऊजी वाट बघत उभे होते. म्हणाले, "वहिनी, घाट बसमधून बघायचा नसतो. तुम्ही बसा गाडीत, मी दादाबरोबर येतो."

"आणि चालवणार कोण?"

"सुधा."

मी नको नको म्हणेपर्यंत बसलेसुद्धा होते. जमीन इतकी जवळ, की हात खाली सोडला तर रस्त्यावरचे खडे वेचता यावेत. घाट सुरू झाला आणि मी डोळे मिटून रामनाम घेऊ लागले.

"काकू, डोळे उघडा हो, खाली कोकण दिसतंय."

"तू रस्त्याकडे बघ. कोकण कुठं जात नाही."

शेवटी उघडले. खाली हिरव्यावर हिरवं, त्याच्यावर धुकं, आणि वळणावळणाला ऊन आपल्यापुढे धावतंय. सुधाचा हात गिअरच्या दांड्यावर असा सहज होता, जसा माझा पोळपाटावर. वळण आलं की ती त्या लांब मडगार्डाच्या टोकाकडे बघायची. म्हणाली, "चाक कुठं चाललंय ते इथून दिसतं, काकू." भाऊजींचं एवढं तरी खरं होतं, हे मला तिथं कळलं. पण त्यांना सांगितलं नाही. त्यांना एकदा दुजोरा दिला की रात्रीचं जेवण थंड होतं.

कणकवलीला एस.टी. पुन्हा गाठली. वसंत तिथे स्टँडवर उभा होता. रजा काढून आमच्याबरोबर मालवणला येणार होता. सुधा गाडीतून उतरली आणि म्हणाली, "काकू, तुम्हीच बसा बाबांबरोबर. मी बसने येते. तुम्हाला बसचा त्रास होतो ना."

मला बसचा कधीच त्रास होत नाही. पण मी लिंबू नाकाशी धरलं आणि बसून राहिले.

कसाल सोडलं की वारा बदलतो. माड दिसू लागतात, घामाला मिठाची चव येते. मालवणच्या बाजारपेठेत शिरलो तर सुकत घातलेल्या मासळीचा, नारळाच्या तेलाचा आणि मोगऱ्याचा वास एकाच वेळी आला. बाजाराचा रस्ता एवढा अरुंद, की समोरासमोरच्या दुकानदारांनी एकमेकांना तंबाखू द्यायची तर उठावं लागत नाही. त्याच रस्त्यावर समोरून एक निळी, गुळगुळीत, चपटी गाडी आली आणि आमच्या गाडीच्या नाकाला नाक लावून थांबली. आत तात्या. आम्हाला घ्यायला आले होते.

नमस्कार झाले, प्रवासाची विचारपूस झाली, पण मागे कोणी जाईना.

"दिनकरराव, तुम्ही घ्या मागे. तुमचे ते मडगार्ड घासतील."

"घासले तर दिसतील तरी. तुमचे घासले तर शोधायला दुर्बीण लागेल."

लोक जमले. तात्यांना बाजारात सगळे ओळखतात, त्यामुळे प्रत्येकाला मत होतं. कापडाच्या दुकानातला एक जण म्हणाला, "माका जुनी बरी दिसता. डोळे बघ कसे, राखणदारासारखे." दुसरा म्हणाला, "तुका काय कळता? नवी बघ, बांगड्यासारखी आसा, पाण्यात सोडलंस तर पोवत जायत!" एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन मध्येच अडकली होती. तिने दोन्ही गाड्यांच्या आत डोकावून बघितलं.

"रे तात्या, ह्या गाडयेत माजी पाटी ऱ्हवात काय?"

"ऱ्हवात गो! हिका मागे डिकी आसा!"

"बरोबर," भाऊजी म्हणाले, "मासळीच्या पाटीसाठीच केलेली दिसते."

सगळा बाजार हसला. तात्या हसले नाहीत. शेवटी आमच्यामागे बैलगाडी येऊन उभी राहिली. बैल काही मागे जात नाहीत, म्हणून तात्यांनाच जावं लागलं. जाताना म्हणाले, "नव्या मॉडेलला मागे यायचा कमीपणा नाही वाटत." ते हसून म्हणाले, पण कान लाल झाले होते.

दुसरा दिवस: किल्ला, आंबोळ्या आणि एक वाईट वाक्य

सिंधुदुर्ग किल्ला चुकवू नका. धक्क्यावरून होडी मिळते. बरीच माणसं जमेपर्यंत थांबलात तर भाडं वाटून जातं, घाई केलीत तर सगळं तुमच्याच अंगावर. आत महाराजांचं देऊळ आहे. मी तिथे बराच वेळ बसले. चहूकडे खारं पाणी आणि आतल्या विहिरींना गोडं, ही देवाची करणी नाही तर काय. आमचे हे म्हणाले, "आणि बांधणाऱ्याची." तेही खरं.

त्या होडीत भाऊजी एका टोकाला आणि तात्या दुसऱ्या टोकाला बसले होते. नावाडी म्हणाला, "मधी बसा वायच, होडी कलता." दोघंही हलले नाहीत. मग वसंत आणि सुधाच मध्ये सरकून बसले. होडी काही फारशी कलत नव्हती, असं माझं मत.

कौलाच्या आदल्या दिवशी घरात मासळी नसते, म्हणून माईंनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं, वर सोलकढी. माई उंच, आवाज खणखणीत, आणि मालवणी सोडून दुसरं बोलत नाहीत. मी गूळ दिला तर ढेप नाकाशी धरून म्हणाल्या, "ताई, तुमी गूळ नाय, माझो जीव घेवन इलास." तेव्हापासून माझी आणि त्यांची गट्टी.

पानावर बसल्याबसल्या पुन्हा तेच सुरू झालं. तात्या पाहुण्यांशी शुद्ध बोलायचे, पण गाडीवर आले की जीभ घसरायची.

"दिनकरराव, जुन्या गाडीत पाऊस आत येतो."

"पाऊस बाहेरच हवा असेल तर माणसाने घरात बसावं."

"नवीला काच वर होते. वारा कापते."

"वारा कापायला ती काय अडकित्ता आहे?"

"मेल्या, एकदा बसून तर बघ!" तात्या एकेरीवर आले. मग स्वतःच दचकले. "म्हणजे, बसून बघावं आपण."

तोंडवळीच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू घट्ट असते, तिथे दोन्ही गाड्या पळवून निकाल लावू, असं निघालं. माई आंबोळी वाढता वाढता म्हणाल्या, "पळवा. पण दोगांची हाडां वेचूक माका येळ नाय, उद्या देवळात जावचा आसा." किनाऱ्याचा बेत तिथेच संपला.

पण तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. तात्या ताक पीत म्हणाले, "जो माणूस काळाबरोबर बदलत नाही, त्याच्या घरची मुलगी दुसऱ्या घरात रुळेल कशी, हा प्रश्न पडतो कधीकधी."

भाऊजींनी हातातला घास पानात ठेवला. "आणि जो माणूस बारा वर्षांची साथ चार दिवसांत विकतो, त्याच्या घरात मुलगी द्यावी कशी, हा मलाही पडतो."

सुधा कढीची वाटी घेऊन दारात उभी होती. तिने ती माईंच्या हातात दिली आणि मागल्या पडवीत गेली.

मी तिच्यामागे गेले. ती माडाच्या आळ्याकडे बघत होती. "काकू, उद्या नाही झालं तर पुन्हा शिमग्यानंतर. आणि शिमग्यानंतर हे दोघं एकमेकांचं तोंड तरी बघतील का?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. देवावर माझा विश्वास आहे, पुरुषांवर थोडा कमी, एवढंच मी म्हणू शकले. ती हसली नाही.

तिसरा दिवस: कौल

देवीचं देऊळ आचऱ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात आहे. रस्ता संपतो तिथून पुढे पाणंदीतून थोडं चालावं लागतं. चपला हातात घ्या, मध्ये ओहळ आहे. देऊळ साधं, कौलारू, पुढे लाकडी खांबांचा सभामंडप. आत काळोख, आणि त्या काळोखात समईच्या उजेडाने देवीचा मुखवटा उजळलेला. मी ओटी भरली. नारळ मालवणात घेतला होता, फार चांगला निघाला.

आमच्याआधी एक म्हातारेबुवा येऊन बसले होते, पण माई गावच्या मानकऱ्यांच्या घरच्या, म्हणून गुरवाने आम्हाला पुढे बोलावलं. म्हातारेबुवा कुरकुरत खांबाला टेकले. त्यांची म्हैस हरवली होती, तिच्यासाठी कौल हवा होता.

गुरवाने पाकळ्या भिजवल्या. तेवढ्यात तात्या आणि भाऊजी दोघंही त्याच्या जवळ जाऊन कुजबुजले. आधी कोण गेलं ते मला दिसलं नाही, पण मला वाटलं तात्याच असणार. गुरवाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, मान हलवली आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवी, माये, आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे इली आसत. हेंका एक प्रश्न पडलो आसा. मोटारीची जुनी तऱ्हा बरी की नवी, ह्यो निवाडो तुया कर. जुनी बरी तर उजवो दी, नवी बरी तर डावो दी!"

जमलेल्यांच्या तोंडून सवयीने "व्हय महाराजा!" निघून गेलं, आणि मग सगळे एकमेकांकडे बघू लागले.

मला तर धरणी दुभंगावी असं झालं. देवीपुढे मडगार्ड! माई खालच्या आवाजात म्हणाल्या, "देवीक मोटारीतला काय कळतला? तिका पालखी आसा."

भाऊजी म्हणाले, "लहानसा प्रश्न आहे वहिनी, आधी उरकून घेऊ. मग मुख्य."

पाकळ्या पडेनात. उजवी नाही, डावी नाही. आम्ही सगळे टक लावून बसलो. तात्यांना शिंक आली तर भाऊजी ओरडले, "फुंकर मारली! डावीकडे फुंकर मारली!" भाऊजींनी खांद्यावरचा पंचा सावरला तर तात्या म्हणाले, "पंचाने वारा घालू नका!" गुरवाने दोघांना मागे सरकवलं. उन्हाचा कवडसा खांबावरून उतरून जमिनीवर आला, तिथून चालत दारापर्यंत गेला, पण पाकळ्या जागच्या जागी.

आणि मग गुरवाने आणखी एक सांगितलं. त्या देवळाची रीत अशी, की एकदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा विचारता येत नाही. दिवस मावळेपर्यंत पाकळी पडली नाही तर कौल बंद. पुन्हा शिमग्यानंतर.

"मग लग्नाचं?" मी विचारलं.

"लग्नाचा रांगेत आसा," गुरव म्हणाला. "गाडयेच्या मागे."

"प्रश्न मागे घेता येतो का?" आमच्या ह्यांनी विचारलं. हे फार कमी बोलतात, पण कामाचं बोलतात.

"येता. पण ज्येंनी विचारलो त्येंनी दोगांनी मिळान. एका नारळावर हात ठेवन, एकदम बोलूक होया: चुकला, मागे घेतलो."

नारळ आणला. दोघांनी हात ठेवले. गुरवाने "म्हणा" म्हटलं. तात्या भाऊजींकडे बघत राहिले, भाऊजी तात्यांकडे. दोघांचीही तोंडं उघडलेली, पण आवाज नाही. जो आधी बोलेल त्याची गाडी हरली, असं दोघांनी मनाशी ठरवलेलं. पुन्हा "म्हणा". पुन्हा तेच. मी वसंतकडे बघितलं; तो वडिलांकडे एक पाऊल सरकला आणि परत मागे झाला. सुधाचे डोळे भरले होते.

खांबाकडून आवाज आला. म्हैसवाले म्हातारेबुवा उभे राहिले होते.

"अरे, तुमची गाडी भायर हुबी आसा, ती खंय जावची नाय. माजी म्हस मात्र चलतासा!"

माईंनी सुधाकडे मान वळवली. "काय गो चेडवा, तू चालवतंस ना ती गाडी? मगे ह्या दोगांनी तुका एकदा तरी विचारल्यानी काय? सांग, तुका खंयची बरी दिसता?"

सगळं देऊळ तिच्याकडे बघू लागलं. सुधाने डोळे पुसले. एस.टी.त आणि होडीत कोणाकडून शिकली होती कोण जाणे, पण मालवणीत म्हणाली, "माका खंयचीच नको. आधी आजोबांची म्हस गावूंदे."

आधी म्हातारेबुवा हसले, दात नसलेलं मोठं हसू. मग माई, मग गुरव, आणि मग वसंत असा हसला की त्याला खांब धरावा लागला. मीही हसले. देवळात हसू नये, पण देवीचा मुखवटाही मला त्या वेळी गंभीर वाटला नाही. तात्यांनी खाली बघितलं. भाऊजींनीही. आणि दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "चुकलं, मागे घेतलं." अगदी एका श्वासात, जणू तालीम केली होती.

म्हातारेबुवांचा प्रश्न आधी लागला. उजवी पाकळी पडली, म्हैस सापडणार. ते पाया पडून जे पळाले ते मागे वळून बघायलाही थांबले नाहीत. पुढे ती सापडली की नाही, मला कळलं नाही. विचारायचं राहूनच गेलं.

मग सुधाचा प्रश्न. गुरवाने नव्या पाकळ्या लावल्या. गाऱ्हाण्यात दोघांची नावं घेतली, दोन्ही घरांची घेतली. सगळे "व्हय महाराजा" म्हणाले. मी भाऊजींकडे बघितलं. एवढा बडबड्या माणूस, पण दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता, आणि त्याची नजर देवीवर नव्हती, मुलीवर होती. पाकळी पडली तेव्हा मला ती दिसलीच नाही. माईंनी माझा दंड इतका घट्ट धरला, की त्यावरूनच मला उजवी पडल्याचं कळलं.

परतताना पाणंदीत तात्या आणि भाऊजी पुढे चालले होते. वाटलं, आता तरी लग्नाचं बोलत असतील. जवळ गेले तर तात्या म्हणत होते, "पण देवीने दोन्ही पाकळ्या धरून ठेवल्या, याचा अर्थ नवी जुनीच्या तोडीची आहे." आणि भाऊजी, "याचा अर्थ नवीला जिंकता आलं नाही."

घरी

परतीला आम्ही दोघं पुन्हा एस.टी.नेच आलो. माईंनी कोकम, उकडे तांदूळ आणि सुकट दिली. सुकटीची पुरचुंडी एस.टी.त पायाशी ठेवा, डोक्यावरच्या फळीवर ठेवलीत तर सहप्रवासी शाप देतात. खर्च ठरवल्यापेक्षा थोडा कमी झाला, त्यात देवीपुढे ठेवलेली दक्षिणा धरून. लग्न वैशाखात आहे.

या प्रवासात मिळालं काय, असा हिशोब मी नेहमी करते. यावेळी तो जमत नव्हता. देवीने लग्नाला होकार दिला, हे मोठंच. पण पहिल्या प्रश्नाला तिने आम्हाला तसं ताटकळत का ठेवलं, हे मनात राहिलं होतं. तात्यांचा थोडा रागही होता मला. ऐन वेळी असला प्रश्न काढून त्यांनी मुलीचा जीव टांगणीला लावला, असं मी एकदा बोलूनही दाखवलं.

मी गच्चीवर कोकमं वाळत घालत होते. भाऊजी वर आले, माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि कोकमं पसरू लागले. त्यांनी हे काम आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"वहिनी, तात्यांना बोल लावू नका. गुरवाकडे आधी मी गेलो होतो."

"तुम्ही? कशाला?"

ते एक कोकम उलटं-सुलटं करत राहिले. "सुधाच्या लग्नाचं विचारायला जीभ उचलत नव्हती. म्हटलं, आधी एक दुसरंच काही विचारू. तेवढंच लांबेल."

मी पदराने कपाळ पुसलं. "भाऊजी, वैशाखाला अजून अवकाश आहे," मी म्हटलं. "तोवर रोज भांडा त्या तात्यांशी. पण ट्रंककॉल करून नको. त्याला पैसे पडतात."

ते मान हलवत होते. तेवढ्यात खालून सुधाने हाक मारली, "बाबा, चहा!"

ते उठले नाहीत, ओ दिली नाही. नुसते ऐकत बसले. तिने पुन्हा हाक मारली, जरा लांबवून, "बाबाऽऽ!" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने मला गप्प केलं.